चार बोटांचा नमुना

महाद्वार रोडवरच्या दुकानात अस्मा बागवान
माझ्यापुढे एकेक लडी टाकते.
"कुणासाठी, काकी?"
भावासाठी.
"साइज?"
इथं माझं अडतं.
हिंदूरावाची छाती एके काळी अठ्ठेचाळीस होती.
परवा टेप लावली, अडतीसला मिटली.

पहिली ॲक्रिलिकची. स्वस्त, गुलबक्षी,
कशीही धुवा, काही होत नाही.
टोक तोडून पायरीवर काडी लावली:
जळलं नाही, वितळलं,
काळा मणी होऊन बोटाला चिकटलं.
नको. घाम येतो, ऊब येत नाही,
आणि काढताना ठिणग्या उडतात.
आधीच त्या कानांवरून गळा उतरवायचा म्हणजे कसरत.
आखाड्यात मोडून मोडून
सुंठीच्या खांडासारखे झालेत कान.

दुसरी सुती, इचलकरंजीची.
हाताला गार, ओळखीची.
पण सुती स्वेटर लोंबतो,
दोन धुण्यांत गुडघ्याशी पोचतो. शिवाय ओझं.
खांद्यावरून गदा फिरवणारा माणूस
आता चादर जड लागते म्हणतो.

पट्टणकोडोलीची मायाक्का घरी येऊन देऊन गेली होती
चातीवर काढलेली काळी लोकर, मेंढीच्या वासासकट.
"पावसात ऱ्हा, न्हाई भिजायचास."
तीही जाळून पाहिली: केस जळल्याचा वास,
चिमटीत राखेचा भुगा. सच्ची.
पण टोचते.
आणि हिंदूरावाचं अंग आता आपलं आपणच खाजतं.
मूत्रपिंडं थकली की असं होतं, डॉक्टर म्हणाले.
रात्री उठून चौकटीला पाठ घासतो म्हशीगत,
वहिनी सांगते, आणि हसते,
आणि मग हसत नाही.

मंगळवार, शुक्रवार. चार-चार तास.
रक्त नळीतून बाहेर जातं, फिरून येतं, निवून येतं.
वर एसी.
"पैलवानाला थंडी वाजत न्हाई," म्हणायचा,
पहाटे चारला, लंगोटावर, हौदाच्या काठाला.
आता एप्रिलात म्हणतो,
"शालन, आतनं वाजतीया गं."

अस्मा स्टुलावर चढली. वरच्या फळीवरून
मेरिनो काढली, थोडा कापूस मिसळलेली.
"हातानं नका बघू. हात खोटं बोलतात.
कानाखाली लावा."
लावली.
काहीच कळलं नाही. तेच तर हवं होतं.
लडीला चारशे वीस.
आठ लागतील. मी एकच घेतली.

नऊ नंबरच्या सुईवर चार बोटांचा नमुना विणला,
वहिनीच्या मशीनमध्ये त्याच्या लुंग्यांबरोबर दोनदा टाकला.
आटला नाही.
रंग मातकट, तांबूस. त्यानं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

डावी बाही कोपरापासून उघडी ठेवायची, पाच गुंड्या.
सुया त्याच हातात जातात.
तिथं बोट ठेवलं तर कातडीखाली
यंत्रमाग चालू असल्यासारखं थरथरतं.
मी एकदाच ठेवलं.

शुक्रवारी नमुना त्याच्या बनियनच्या गळ्यात खोचला.
चार तास ठेव. टोचलं तर सांग.
रिक्षातून उतरला तेव्हा डोळे अर्धे मिटलेले.
"टोचलं?"
"काय टोचलं?"
म्हणजे नाही.
मग आण इकडं, चार बोटांत टाके किती बसतात
मोजायचं राहिलंय.
त्यानं छातीवर हात ठेवला.
"असू दे."
अरे, मोजल्याशिवाय विणू कशी?
"असू दे म्हटलं न्हवं."

आता अंदाजानंच टाके घालीन.
मायाक्काची काळी लोकर खालच्या काठाला लावीन,
सदऱ्यावरच येते ती, अंगाला लागत नाही.
उद्या सकाळी दुकान उघडलं की
सात लडी मागू, की आठ?